ट्रेकिंगच्या कपड्यांचा धंदा कोल्हापुरात: आधी चेन बदला, मग जॅकेट शिवा

पर्यावरणाला धरून ट्रेकिंगच्या कपड्यांचा ब्रँड काढायचाय म्हणत माझ्याकडे जे कोणी येतं, त्याचा लोगो आधीच तयार असतो. बहुतेक वेळा त्यात डोंगर, एक पान आणि उगवता सूर्य. कापड कुठलं, शिवणार कोण, फाटलं तर बघणार कोण, याचा पत्ता नसतो. माझी शिलाईची जागा राजारामपुरीत आहे. वर्षाचे काही महिने शाळांचे गणवेश, बाकीचे महिने पावसाळी पोंचो, ट्रेक पँट आणि विंडचीटर. हा धंदा कसा उभा करावा ते इथल्या हिशोबाने लिहिते. मुंबई-पुण्यात भाडं वेगळं, गिऱ्हाईक वेगळं आणि पाऊससुद्धा वेगळा.

पहिला हंगाम दुरुस्तीचा

पहिल्या हंगामात नवीन काहीही शिवू नका. एक सिंगल नीडल मशीन, एक पक्कड, वेगवेगळ्या मापाच्या रनरांचा (चेन उघड-बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्यांचा) डबा आणि बाहेर पाटी: ट्रेकिंगचे कपडे, सॅक दुरुस्त करून मिळतील. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा सुरू होतात. त्याच्या आधी लोक माळ्यावरची जॅकेटं खाली काढतात आणि तेव्हा कळतं की गेल्या वर्षीच काहीतरी बिघडलं होतं. "वैनी, शनिवारी निघायचंय, तेवढी चेन बघा की" म्हणत येतात. हे तुमचं पहिलं उत्पन्न, आणि शिक्षणही तेच.

कारण कुठला कपडा कुठे मरतो हे कुठल्याही कोर्सात शिकवत नाहीत. चेनचंच बघा. माणूस म्हणतो चेन गेली. दात बहुतेक वेळा ठणठणीत असतात. झिजलेला असतो तो रनर. त्याचं तोंड आतून रुंदावलेलं असतं, म्हणून दात एकमेकांत बसत नाहीत आणि चेन मागून उघडत जाते. पक्कडीने दोन्ही बाजू हलक्या हाताने दाबल्या की तात्पुरतं काम होतं. खालचा टाका उसवून नवा रनर घातला की जॅकेट पुढची कित्येक वर्षं चालतं. रनर काही रुपयांचा, आणि तेवढ्यासाठी हजारोंचं जॅकेट कचऱ्यात गेलेलं मी बघितलंय.

चेनच्या खालोखाल पँटचं आसन. डोंगर चढताना पाय उचलला की चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे टर्रकन उसवतं. मग खांदे: सॅकच्या पट्ट्याने घासून वरचं कोटिंग जातं आणि नेमकं तिथूनच पाणी शिरतं. ढोपर आणि बसायची जागा करवंदीच्या जाळ्यांनी आणि जांभ्या दगडाने जाते. मसाई पठार ओलांडून आलेली पँट मला न विचारता ओळखता येते. आणि शेवटी आतल्या कोटिंगचे पापुद्रे. त्यावर पुढे लिहिते.

एक वही ठेवा. कपडा कुठल्या कंपनीचा, किती जुना, काय गेलं, कशाने दुरुस्त झालं, आणि काय दुरुस्त होण्यासारखं नव्हतंच. हंगाम संपेपर्यंत त्या वहीत तुमच्या पहिल्या पँटचं डिझाइन तयार असतं.

या क्षेत्रात सगळ्यांना पॅटागोनिया व्हायचं असतं. यव्हॉन शुइनार्ड यांनी १९७३ मध्ये काढलेली ही अमेरिकी कंपनी. १९९६ पासून त्यांनी सगळा कापूस सेंद्रिय केला, २०११ मध्ये 'हे जॅकेट घेऊ नका' अशी पानभर जाहिरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिली, २०२२ मध्ये मालकी ट्रस्टकडे आणि एका ना-नफा संस्थेकडे सोपवली. नवीन मंडळी त्यातली जाहिरात तेवढी उचलतात. जुने कपडे दुरुस्त करून देणं हाही त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो भाग आपल्याला भांडवलाशिवाय करता येतो.

काय शिवायचं: आपला पाऊस बघून ठरवा

बाहेरच्या जॅकेटच्या टॅगवर दोन आकडे असतात. एक पाणी किती अडवतं याचा, दुसरा घामाची वाफ किती बाहेर सोडतं याचा. दुसऱ्या आकड्यावर लोक भरपूर पैसे मोजतात. पण वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो: आत दमट आणि गरम, बाहेर कोरडं आणि थंड. जुलैत गगनबावड्याला किंवा आंबा घाटात हवाच पाण्याने गच्च भरलेली असते, आणि थंडी म्हणावी तर तीही नसते. मग वाफ जाणार कुठे? माणूस बाहेरून कोरडा राहतो आणि आतून घामाने भिजतो. कपड्यात खोट नसते, तो बर्फाच्या मुलखासाठी घडवलेला असतो.

आपल्याकडे भात लावणाऱ्या बायका इरलं घेतात. पाठ आणि डोकं पूर्ण झाकलेलं, पुढून उघडं, हवा खेळती. आपल्या पावसासाठी डिझाइन तिथून घ्या. माझ्या अनुभवात इथे सगळ्यात जास्त उपयोगी कपडा म्हणजे सॅकसकट झाकणारा, बाह्या असलेला सैल पोंचो. काखेत आणि बाजूला मोकळी जागा, पुढून अर्ध्यापर्यंत चेन. त्याला महागडं मेंब्रेन (पाणी अडवून वाफ सोडणारा पातळ पडदा) लागत नाही, साधं कोटिंग पुरतं. शिवणी कमी, म्हणजे पाणी शिरायच्या जागा कमी. दुरुस्तीला सोपा. आणि एकाच मापात बऱ्याच जणांना होतो, त्यामुळे न खपलेल्या मापांचा ढीग उरत नाही. माझ्या लेखी उरलेला माल हीच सगळ्यात मोठी नासाडी; त्यापुढे सेंद्रिय आणि रिसायकलच्या गप्पा फिक्या.

दुसरी वस्तू ट्रेक पँट. आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा घाला, म्हणजे चार शिवणी एका ठिपक्यावर येत नाहीत आणि ताण वाटला जातो. ढोपरावर दुहेरी कापड, पण ते वरून लावलेलं, म्हणजे फाटल्यावर तेवढंच उसवून बदलता येतं. तिसरी वस्तू हिवाळ्यासाठी विंडचीटर. पहिली दोन वर्षं या तिन्हींच्या पलीकडे जाऊ नका.

कापड पाणी अडवतं का, हे घरी कसं बघायचं

व्यापारी म्हणतो, "ताई, तीन हजार एमएम आहे, डोळे झाकून घ्या." डोळे उघडे ठेवा. हा आकडा म्हणजे कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते गळायला लागतं. तीन हजार म्हणजे तीन मीटर. मग तीन मीटरचा पीव्हीसी पाइप आणा, खालच्या तोंडाला कापडाचा तुकडा कोटिंगची बाजू खाली करून ताणून लावा, होज क्लिपने घट्ट आवळा, जिन्याच्या कठड्याला पाइप बांधा आणि वरून पाणी ओता. खाली वर्तमानपत्र. पाच-दहा मिनिटांत कापडातून थेंब फुटले तर व्यापाऱ्याचा आकडा खोटा. क्लिपच्या कडेने गळलं तर ते धरू नका, पुन्हा आवळा.

नंतर तोच तुकडा घरच्या पावडरीत दहा वेळा धुवा, उन्हात वाळवा आणि पुन्हा पाइपला लावा. खरी परीक्षा ही. पहिल्या वेळी बहुतेक कापडं पास होतात. कागदावरचा रिपोर्ट हवा असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीई वस्त्रोद्योग संस्थेत प्रयोगशाळेची चौकशी करा.

आता पापुद्रे. स्वस्त रेनकोटच्या आत बहुधा पीयूचं (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचं) कोटिंग असतं. दमट हवेत ते हळूहळू आतून तुटत जातं, आधी चिकट होतं, मग पापुद्रे निघतात. एकदा ते सुरू झालं की दुरुस्ती नाही. टीपीयूचा (त्याच घराण्यातल्या, गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) थर दिलेलं कापड थोडं महाग पडतं, पण दमटपणात बहुधा जास्त टिकतं. दुरुस्तीच्या वहीत पापुद्र्यांच्या जॅकेटांची पानं भरली की हे जास्तीचे पैसे का द्यायचे ते आपोआप पटतं.

बाहेरच्या बाजूला पाणी थेंब होऊन घरंगळावं म्हणून वेगळं फिनिश देतात. व्यापाऱ्यांच्या भाषेत सी-एट, सी-सिक्स, सी-झिरो. पहिल्या दोन्हींत फ्लोरिन असलेली पीएफएएस रसायनं असतात, जी निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. सी-एट घराण्यातलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न मोडणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून नव्या कपड्यांत मुद्दाम घातलेल्या पीएफएएसवर बंदी आणली, फक्त अति पावसातल्या खास कपड्यांना काही काळ सवलत ठेवून. तुम्ही सी-झिरोच मागा, आणि ते लेखी घ्या. गिऱ्हाइकाला मात्र खरं सांगा: सी-झिरो तेलकट डाग अडवत नाही आणि लवकर उतरतं. धुऊन, वाळवून, वर सुती फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली की बऱ्यापैकी परत येतं. सुगंधी कंडिशनरने मात्र ते मरतं. धुण्याच्या सूचना मराठीत छापा, कपडे धुणारी व्यक्ती बऱ्याचदा ट्रेकला गेलेली नसते.

कापड कुठून, रंग कुठला

इचलकरंजी आपल्यापासून तासाभरावर. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. तरी नवख्याने तिथे जाऊन "माझ्यासाठी खास विणून द्या" म्हणू नये. एक बीम (मागावर चढवायचा उभ्या धाग्यांचा रूळ) भरायचा म्हणजे तुम्हाला पेलणार नाही इतके मीटर होतात. खर्चीवाल्यांची, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्यांची, मजुरी पिकावर (एका इंचात किती आडवे धागे बसतात त्यावर) ठरते. कापड घट्ट हवं तर पिक जास्त, म्हणजे मीटरला मजुरीही जास्त. ती घासाघीस करून पाडू नका, त्यांचं पोट त्या पैशांवर आहे. सुरुवातीला मागावर आधीच जे चाललंय, त्यातलं घट्ट सुती कापड शोधा. विंडचीटरला ते उत्तम. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांसाठी खऱ्या मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने व्हेंटाइल नावाचं असं कापड घडवलं होतं: लांब धाग्याचा कापूस अतिशय दाट विणलेला, भिजला की सूत फुगतं आणि फटी बुजतात. आपल्या आषाढात त्याचा उपयोग नाही, भिजून जड होतं आणि चार दिवस वाळत नाही. डिसेंबरात रांगणा किल्ल्यावर वारा सुटला की मात्र सिंथेटिकपेक्षा अंगाला बरं वाटतं.

पोंचोसाठी सिंथेटिक कापड लागणारच. त्यात माझी पहिली पसंती सरप्लस मालाला. मोठ्या कारखान्यांच्या ऑर्डरीतून उरलेले ताके कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला, सुरतेला मिळतात. कापड तयार झालेलंच आहे, त्यासाठी नवीन पाणी, नवीन रंग लागला नाही. अडचण एकच, तोच रंग परत मिळत नाही. म्हणून पोंचो दोन-तीन रंगांच्या पट्ट्यांत कापायचा: टोपी एका ताक्यातली, पाठ दुसऱ्या. पोरांना ते आवडतं आणि धुक्यात माणूस लांबून दिसतो.

प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं पॉलिस्टर सगळे विकतात. मी त्याच्या विरुद्ध नाही, पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, कोटिंग लावलेल्या जॅकेटचं पुढे काही होत नाही. फ्लीस (लोकरीसारखं मऊ पॉलिस्टर) तर प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडतं. बाटल्यांच्या आकड्यावर जाहिरात करण्यापेक्षा कपडा दहा वर्षं चालवा.

आता रंग, आणि यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पावनखिंडीच्या परिसरात, गजापूरकडे पडलेला पाऊस कासारीला मिळतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीपर्यंत येऊन पंचगंगा होते, कोल्हापूरवरून इचलकरंजीकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. तिच्या प्रदूषणात वाटेकरी बरेच आहेत: शहरांचं सांडपाणी, कारखाने, कापड धुणारे-रंगवणारे प्रोसेसवाले. ज्या पाण्यात भिजायला लोक तुमचा पोंचो घालून जातात, त्याच पाण्यात खाली तुमच्या पोंचोचा रंग सोडायचा नाही. तेव्हा शक्यतो कापड रंगवायला देऊच नका. सिंथेटिकमध्ये डोप-डाइड सूत मिळतं, ज्यात रंग धागा काढतानाच वितळलेल्या पॉलिमरमध्ये मिसळलेला असतो. रंगाईचं पाणीच लागत नाही आणि उन्हाने रंग लवकर उडतही नाही. काळा, गर्द निळा, लष्करी हिरवा सहज मिळतो. सुती कोरंच वापरा, फक्त कापण्याआधी खळ काढून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या वर जातील. रंगवणं टळतच नसेल तर प्रोसेसवाल्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागा आणि सांडपाणी नेमकं कुठे जातं ते पायी जाऊन बघा. मला एका ठिकाणी ऑफिसात चहा मिळाला, मागचं दार काही उघडलं नाही. तिथे मी कापड दिलं नाही.

घोंगडीबद्दल हमखास विचारतात. दख्खनी मेंढीची लोकर, नैसर्गिक काळा रंग, सुताला चिंचोक्याची खळ. भिजली तरी ऊब देते, पण अंगाला टोचते आणि भिजल्यावर वजन विचारू नका. जॅकेटवर घोंगडीचं ठिगळ शोभेला लावून 'परंपरा' विकू नका. पट्टणकोडोलीच्या यात्रेत विणकराकडून थेट अख्खी घ्या आणि मुक्कामाची बैठक म्हणून त्याच्या नावासकट विका.

माणसं आणि महिने

पावसाळी कपडे जूनमध्ये खपतात म्हणून लोक मे महिन्यात शिवायला घेतात. मेमध्ये कोल्हापुरात रिकामा कारागीर दाखवा! सगळी मशीनं गणवेशांवर असतात. दिवाळीआधीही तेच. शिलाईचे महिने जानेवारी ते मार्च. तेव्हा कारागीर बसून असतात, त्यांनाही काम हवं असतं. एप्रिलमध्ये नमुने दाखवून आगाऊ नोंदणी घ्या, आणि जेवढी नोंदणी त्याच्यापेक्षा थोडेच जास्त नग पुरे करा.

कोटिंगच्या कापडावर चुकीची शिवण उसवता येत नाही, सुईची भोकं तशीच राहतात. त्यामुळे कारागिराने सावकाश शिवलं पाहिजे, आणि नगावर मजुरी दिली तर तो सावकाश का शिवेल? या कामाला रोजावर पैसे द्या. आमचे कटिंग मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, "टाचण्या बंद, क्लिपा आणा." बरोबर होतं, टाचणीचं भोकही गळतं. शिवणीवर आतून टेप बसवायचं गरम हवेचं मशीन महाग आहे, ते घेऊ नका. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून जॉबवर्क करून घ्या.

चिंध्या टाकू नका. मोठ्या तुकड्यांच्या पोंचो ठेवायच्या पिशव्या होतात, त्यामुळे प्लास्टिकचं पाकीट लागत नाही. हातभर तुकडे साठवा, दुरुस्तीला लागतात. प्रत्येक कपड्याबरोबर त्याच कापडाचा एक तुकडा आणि एक जादा रनर द्या. 'आयुष्यभर फुकट दुरुस्ती' असलं काही लिहू नका. त्याऐवजी दुरुस्तीचे दर छापा आणि प्रत्येक विक्रीतून ठरावीक रक्कम त्या खात्यावर बाजूला टाका.

टॅग, किंमत, गोदाम

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसतं 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' लिहून भागत नाही. कशामुळे, किती भाग, पुरावा काय, हे द्यावं लागतं. 'रिसायकल' लिहायचं तर व्यापाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला जीआरएसचा (रिसायकल मालाच्या प्रमाणपत्राचा) फोटो पुरेसा नाही. तो बहुधा कारखान्याचं स्कोप सर्टिफिकेट असतो, म्हणजे कारखाना असं कापड बनवू शकतो एवढंच. तुम्ही घेतलेल्या लॉटचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट वेगळं असतं. दोन-चार ताक्यांसाठी ते सहसा कोणी देत नाही. मिळालं नाही तर तो शब्द लिहू नका. आमच्या टॅगवर असं असतं: 'कापड सरप्लस मालातलं. शिलाई कोल्हापूर. कोटिंग टीपीयू. चेन बदलून मिळते.'

जीएसटीचा एक सापळा ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. २५०० ला कर १२५, गिऱ्हाईक देतं २६२५. तेच २६०० ला विकलं तर कर ४६८ आणि गिऱ्हाईक देतं ३०६८. मधल्या पट्ट्यात किंमत ठेवण्यात अर्थ नाही. दुकानदारांना माल द्यायचा विचार असेल तर त्यांचं कमिशन पहिल्या दिवसापासून किमतीत धरा, नंतर वाढवता येत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. कर्जाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, पण दुरुस्तीच्या टेबलाला कर्ज लागत नाही.

जागा घेताना भाड्याच्या आधी पूररेषा विचारा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी शहराच्या बाजारपेठांत शिरलं. तळमजल्याचं भाडं कमी असतं ते उगाच नाही. कापड वरच्या मजल्यावर, विमा पुरासकट, आणि पॉलिसीत पुराचा शब्द आहे का ते स्वतः वाचून बघा. कोटिंगचे ताके भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या टाका. तयार पोंचो घडी घालून महिनोन् महिने दाबून ठेवले तर घडीवरच कोटिंग आधी जातं. ते हँगरला टांगा, आणि जागा कमी पडायला लागली तर पुढचा ताका कापू नका.